शेपटीवरचं ठिगळ

माझी पोस्टिंग तेव्हा उत्तर सीमेवरच्या एका हेलिकॉप्टर युनिटमध्ये होती. भातकुलीच्या आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी. हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची दुरुस्ती करणारा, झालो. पहाटे इन्स्पेक्शन, मग माझी सही, मग उड्डाण. सहीशिवाय मशीन जमीन सोडत नसे. त्याचा अभिमान आजही आहे.

त्यातलं एक मशीन मला निवृत्तीनंतर हिवरखेडला भेटलं. कापसाचे ते वाईट दिवस. बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये गावच्या माजी सैनिकांनी विमानांचं छोटं संग्रहालय उभं केलं होतं. दोन इंजिनं, एक प्रोपेलर आणि मधोमध हे हेलिकॉप्टर. शेपटीवरचा नंबर वाचला आणि मी सावधानमध्ये उभा राहिलो.

रंगकाम रफिकभाईंकडे होतं. अकोल्यात त्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. हात असा, की पत्र्यावर बोटं फिरवली तरी जोड लागू नये. शेपटीवरचं तळहाताएवढं ठिगळ बुजवून शेपटी रंगवायची तेवढी उरली होती. पुट्टी कालवून तयार होती.

"नका भरू, भाऊ," मी म्हणालो.

"काहून? उद्या उद्घाटन हाये. नवरीले ठिगळाचं लुगडं नेसवू काय?"

मग मी सांगितलं.

पुढच्या चौकीवरून जखमी आणायचे होते. परतताना खालून फायर आला. रेडिओवर पायलटचा आवाज शांत होता. "टेल हिट. कंट्रोल ओके. क्रू वन कॅज्युअल्टी."

मशीन उतरलं. फ्लाइट गनर सार्जंट बिष्ट पोट धरून दारात बसलेले. डॉक्टर त्यांच्याकडे वळले.

"पहले स्ट्रेचर," बिष्ट म्हणाले.

स्ट्रेचरवरचे दोन्ही जखमी उतरवले. त्यांची पाळी आली तेव्हा ते गेलेले होते. वर चौकीवर अजून तिघं जखमी होते. मी शेपटीतल्या भोकावर पत्रा ठेवला, रिव्हेट मारले, सही केली. मशीन पुन्हा गेलं. तिघंही जिवंत आले.

रफिकभाईंनी पुट्टी पुसून टाकली. ठिगळावर कागद लावून चारी कडांना टेप मारली आणि बाकीची शेपटी रंगवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी शेड गच्च भरली. चकचकीत हिरव्या रंगात तेवढाच तुकडा जुना. एका म्हाताऱ्यानं टोमणा मारला, "इथं आल्यावर रंग सरला काय मिस्त्री?"

"सरला नाही, बाबा," रफिकभाई म्हणाले. "थे लढाईत गेलेल्या सार्जंट बिष्टची जागा हाये."

म्हाताऱ्यानं टोपी काढली.