पहिल्या पानाची पाळी

रविवार, चार डिसेंबर. सकाळी तुरीला पाणी दिले. दुपारी अमरावतीहून फोन आला, की सुनंदाताई वानखडे यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत, गौरवग्रंथासाठी तुम्हीही लिहा. जेवून लिहायला बसलो. लेख लिहिण्याची मला सवय नाही. पण ताईंचे एक काम मी जवळून पाहिले आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे.

ताईंची पहिली ओळख त्यांच्या अमरावतीच्या संगणक वर्गात झाली. मी बी.कॉम. होऊन तिवसा तालुक्यात घरची शेती करत होतो आणि दुपारच्या बसने वर्गाला जात होतो. शिकणे संपल्यावर ताईंनी मला तिथेच अर्धवेळ ठेवून घेतले. त्याच सुमारास समाजाच्या वधू-वर मंडळाने त्यांच्याकडे वेबसाइटचे काम दिले.

सुरुवातीला शोध घेतला की सगळी स्थळे फोटोंसकट एकाच लांबलचक पानावर यायची. परतवाड्याच्या किंवा तिवशाच्या नेट कॅफेत ते अर्धे उघडेपर्यंत भारनियमनाची वेळ व्हायची. म्हणून ताईंनी स्थळांची पाने पाडली. एका पानावर दहा स्थळे आणि खाली ‘पुढील पान’. सगळ्यांची सोय झाली. पण लोक कुठपर्यंत जातात हे ताई पाहत राहिल्या. दुसऱ्या पानापलीकडे फारसे कुणी जात नव्हते. मंडळाने ठरवून दिलेला क्रम असा होता : आधी नोकरी, मग धंदा, शेवटी शेती. त्यामुळे शेती करणारी मुले शेवटच्या पानांवर पडून होती. मीही तिथेच होतो.

त्या वर्षांत आमच्या भागाचे नाव वर्तमानपत्रात यायचे ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. मुलींचे बाप भ्यायचे, आणि ती भीती खोटी नव्हती. ताईंनी त्यांना कधी दोष दिला नाही. मात्र मंडळाच्या बैठकीत त्यांनी क्रम बदलायचा विषय काढला. अध्यक्ष बापूसाहेब म्हणाले, “ताई, शेतीवाल्याले कोन पोरगी देते आता? काहून लोकायचा वेळ खाता?”

“देऊ नका न,” ताई म्हणाल्या, “पन नाही म्हनायले तरी तो दिसाले पाहिजे बापूसाहेब.”

कुणी तरी सुचवले की मुलांनी ‘कृषी उद्योजक’ लिहावे. ताईंनी तेही मानले नाही. “शेती करते तर शेती लिहा. लग्नानंतर पोरीले वावर दिसनारच हाय.”

त्यांनी पहिल्यांदा केलेला बदल फसला, हेही सांगितले पाहिजे. त्यांनी क्रम दर वेळी आपोआप बदलेल असे केले. पण ‘पुढील पान’ दाबले तरी क्रम पुन्हा नव्याने लागायचा. त्यामुळे पहिल्या पानावरचा मुलगा दुसऱ्यावरही यायचा, आणि कुणी बिचारा एकाही पानावर येत नसे. परतवाड्याहून एका काकांचा फोन आला.

“मॅडम, एकच पोरगा तीन पानायवर दिसून राहिला. ह्याले काय एवढी घाई हाय?”

ताई मोठ्याने हसल्या. “घाई त्याले नाही काका, चूक माही हाय.”

बापूसाहेबांनी जुना क्रम परत लावायला सांगितले. ताईंनी दोन दिवस मागून घेतले. त्यांच्या माहेरी चार भावांत एक विहीर होती. प्रत्येकाची पाण्याची पाळी ठरलेली, आणि दिवसभर पाळी मोडायची नाही. ताईंनी पानांना तोच नियम लावला. एकदा सकाळी लागलेला क्रम दिवसभर हलणार नाही, म्हणजे कुणी दोनदा येणार नाही आणि कुणी गळणार नाही. दुसऱ्या दिवशी पहिले दहा शेवटी जातील आणि मागचे पुढे सरकतील. नोकरीवाला असो की शेतीवाला, पहिल्या पानाची पाळी प्रत्येकाला मिळेल. बापूसाहेब कुरकुरले, पण विहिरीची पाळी त्यांच्याही घरी होती.

माझ्या माहितीत ‘स्वतःविषयी’ ही जागा कोरी होती. ताई म्हणाल्या, “रोज काय करता ते लिहा.” मी लिहिले : सकाळी शेत, दुपारी संगणक वर्ग, संध्याकाळी आईबरोबर भाजी निवडतो.

माझी पाळी आली त्या दिवशी अकोल्याच्या एका नेट कॅफेत शोभा आपल्या वडिलांबरोबर बसली होती. ती नंतर सांगायची, “बाबा म्हने, शेतीवाला हाय, पुढं जाय. मी म्हटलं, थांबा न बाबा, भाजी निवडतो म्हननारा हा पहिलाच हाय.”

आमच्या लग्नात ताई मुलीकडून बसल्या होत्या. मी कारण विचारले तर म्हणाल्या, “तुमच्याकडून बोलायला मी वर्षभर होतेच.”

पुढे ताईंनी साइट आम्हा दोघांच्या हाती सोपवली. सकाळी पाळी नीट सरकली की नाही हे आम्ही मिळून पाहायचो. कुणी दोनदा आला का, हे आधी शोभाच्या लक्षात यायचे. मागच्या वर्षी शोभा आजारात गेली. ताई बसने आल्या, चुलीपाशी बसून भाकरी केल्या, आणि निघताना एवढेच म्हणाल्या, “जमत नसेल तर साइट मी पाहीन.” मी म्हणालो, मी पाहतो. त्यांनी मान डोलावली.

आज साइट लोक मोबाईलवर पाहतात, पण पाळी तीच आहे. ज्यांच्या घरी त्या पानांमुळे लग्ने झाली, त्या सगळ्यांच्या वतीने इच्छा करतो, की ताईंना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, आणि वर्गाचा जिना त्यांना पुढेही असाच विनातक्रार चढता येवो.

लेख इथे संपवला. सकाळी पाण्याच्या गडबडीत साइट पाहायची राहिली होती. आजचे पहिले पान उघडले. पाळी नीट सरकली होती. ‘पुढील पान’ दाबले, आणि कुणी दोनदा येत नाही ना, म्हणून एकेक चेहरा पाहत शेवटच्या पानापर्यंत गेलो.