काळ्या नळीतली वाळू

करी रोडच्या घरी अंघोळ करून बाहेर आलो, तर काळ्या नळीचं झाकण उघडं. गावच्या किनाऱ्यावर खोल खणून, उजेड लागू न देता मी त्यात वाळू भरून आणली होती. ती शेवटची उन्हात कधी होती, हे प्रयोगशाळेत कळणार होतं. उजेड लागला की कणांत साठलेली त्या काळाची खूण पुसली जाते. पण घट्ट वाळूत उजेड दोन-चार मिलिमीटरच शिरतो. आतली वाचली असेल, असं म्हणत नळी उचलली. हलकी लागली.

"आई, वाळू कुठाय?" मी ओरडलोच.

"ओली होती रे. गावाहून काही ओलं आलं की आपण काय करतो?"

गॅलरीत आमसुलांशेजारी, परातीत पातळ पसरलेली वाळू ऊन खात होती. किती वर्षांनी, ते आता कधीच कळणार नव्हतं.