अठ्ठावीस गुण

सौंसर गावात कुणाला स्थळ नाकारायचं असलं की तो आधी वामनभाऊंच्या ओसरीवर यायचा.

"भाऊ, पोट्टा काही पटला नाही जी. तुम्ही एवढंच म्हणा, पत्रिका जुळत नाही."

तहसिलीतून रिटायर झाल्यापासून घरच्या कंप्युटरवर पत्रिका जुळवून देणं हा वामनभाऊंचा छंद. ते हसायचे. "जा, सांग त्याइले, वामनभाऊनं पाहिली म्हणा." ना कुणाचं मन मोडायचं, ना कुणाची अब्रू जायची. या मुलखात त्या वाक्याइतकं सभ्य वाक्य दुसरं नाही, अन् त्याच्यावर उलट कुणी विचारत नाही.

स्वतःच्या मुलीसाठी, प्रणालीसाठी, पांढुर्ण्याच्या तुषारचं स्थळ आलं तेव्हा मात्र त्यांनी पत्रिका पुन्हा पुन्हा जुळवली. दर वेळी अठ्ठावीस गुण! नागपूरला नोकरी करणारी प्रणाली तुषारशी फोनवर बोलली होती अन् आईच्या कानात म्हणाली होती, "आई, मले पसंत आहे." आता तो अन् त्याचे आईवडील घर पाहून गेले की झालं.

घोळ त्याच्या आधीच झाला होता. जुना पत्रिकेचा प्रोग्राम चालेना, म्हणून वामनभाऊंनी इंटरनेटवरून एक फुकटचा उतरवला. तो म्हणाला, ॲंटीव्हायरस जरा वेळ बंद करा. त्यांनी केला. मग तो विचारत गेला, हे पण टाकू? ते पण टाकू? दारात आलेल्याला नाही कसं म्हणायचं, तसे हे 'हो, हो' दाबत गेले. दुसऱ्या दिवसापासून शोधावं एक अन् उघडावं भलतंच. मग लाल पाटी आली : तुमचा कंप्युटर धोक्यात आहे, सफाईसाठी इथे दाबा. ते घाबरले अन् तेही दाबून बसले. जाहिराती दुप्पट झाल्या, केस गळण्याच्या, जुगाराच्या.

प्रणाली फोनवर ओरडली, "बाबा, कशालेच हात नका लावू आता! मी आली की पाहतो." पण ती आली पाहुण्यांच्या दिवशीच, बसमधून उतरली ती थेट साडी नेसायला.

तुषारचे वडील नत्थूजी मोठे गमत्ये. पोहे संपवून म्हणाले, "भाऊ, तुमच्या मशीनचं लय नाव आहे आमच्याकडे. पाहू तरी द्या, पोट्ट्याच्या नशिबात काय लिहून राहिलं ते!"

"बाबा, छापलेला कागद आहे ना," प्रणाली घाईनं म्हणाली.

"कागद कायले? पाहू दे ना त्याइले," वामनभाऊ म्हणाले.

वामनभाऊंनी कंप्युटरवरचं पोपटांचं भरतकाम केलेलं कापडी झाकण उचललं. पत्रिका उघडली. अठ्ठावीस! नत्थूजींनी मांडीवर थाप मारली. तेवढ्यात कोपऱ्यात एक चौकट उघडली. तिच्यात एक बाई, अंगावर नावापुरतं कापड. वामनभाऊंनी फुली दाबली. एकीच्या दोघी झाल्या. फुलीसुद्धा खोटी होती. स्पीकरमधून लाडिक आवाज आला.

"हे... हे आपोआप येते जी."

पुन्हा फुली. आता चौघी. तुषारच्या आईनं पदर पुढे ओढला अन् भिंतीवरच्या कॅलेंडरातली तिथी वाचायला लागल्या. वामनभाऊंनी झाकणच पडद्यावर टाकलं. पोपटांच्या आडून ती बाई बोलतच राहिली. शेवटी प्रणालीनं प्लग उपटला.

"मी असलं काही पाहत नाही जी. देवाशपथ."

"आम्ही कुठं काय म्हटलं, भाऊ?" नत्थूजी रिकाम्या बशीशी बोलले.

"तो फुकटचा प्रोग्राम होता ना, त्याच्यातून..." जितकं सांगावं तितकं ते चोराच्या खुलाशासारखं होत होतं, अन् ते वामनभाऊंनाच ऐकू येत होतं.

तुषार म्हणाला, "होते असं, काका. व्हायरस असते तो."

"तुले बरं मालूम!" त्याची आई म्हणाली. तुषारनं मान खाली घातली ती उठेपर्यंत वर केली नाही. चहा कपातच राहिला.

दुपारभर प्रणाली कंप्युटरपुढे बसली. तो प्रोग्राम काढला, ब्राउझरला चिकटलेली बांडगुळं काढली, ॲंटीव्हायरस चालू केला, वडिलांचे पासवर्ड आपल्या फोनवरून बदलले. "हा पाहा बाबा, हा तर तुम्ही काय टाइप करता तेही टिपून राहिला होता. झालं आता साफ."

"मग त्याइले सांग ना, व्हायरस होता म्हणा."

"तुषारले सांगितलं. तो मानते, बाबा. त्याची आई नाही मानत."

संध्याकाळी प्रणालीची आई, सुनंदाबाई, झाकणाची घडी घालत होत्या. घालता घालता हात थांबले. "अजी, रागावू नका. तुम्ही कधी... चुकून...?"

वामनभाऊंनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण तोच शब्द त्यांनी सकाळी इतक्यांदा वापरला होता की त्याच्यात जीव उरला नव्हता. सुनंदाबाई झाकणावरच्या पोपटांवरून हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी नत्थूजींचा फोन आला. आवाज मऊ, सगळी गंमत ओसरलेली. "भाऊ, कसं सांगू... आमच्या महाराजाले दाखवली. पत्रिका जुळत नाही म्हणतात."

अठ्ठावीस! आकडा जिभेच्या टोकावर होता. समोर साफसूफ कंप्युटर होता, दाखवला असता तर खरंच बोलला असता. पण त्या वाक्यावर उलट विचारायचं नसतं. गावभर तसंच चालतं, त्यांनीच चालवलं होतं.

"हौ जी," वामनभाऊ म्हणाले. "नसन जुळत."

प्रणाली दारात उभी होती. 'नसन जुळत' एवढ्यावरून ती समजली. याच ओसरीवर लहानाची मोठी झाली होती ती. आत जाऊन तिनं नागपूरची बॅग भरायला घेतली.