पिवळ्या तापाचा दाखला

ताईला दिवस गेले ते युगांडात. भावोजी तिथल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. ताई फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "आई, तू आल्याशिवाय माझं काही खरं नाही," आणि आईने तिथल्या तिथे जायचं ठरवून टाकलं. ही २००२ची गोष्ट. तोवर आईने रत्नागिरीबाहेर पाहिलेलं जग म्हणजे कोल्हापूर आणि गोरेगाव. बाबा नव्हते, मी शाळेत शिकवत होते, मला एवढी रजा मिळणार नव्हती. मग तिच्याबरोबर जायला तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा, तयार झाला.

मामा सरकारी कचेरीतून नुकताच निवृत्त झाला होता. नोकरीत त्याने एकच काम मनापासून केलं होतं, ते म्हणजे लोकांना परत पाठवणं. राजापूरच्या पलीकडून दोन एसट्या बदलून आलेल्या म्हातारीला "यावर गोल शिक्का नाही, सोमवारी या" असं सांगताना त्याचा चेहरा जसा उजळायचा, तसा तो त्याच्या लग्नाच्या फोटोतही दिसत नाही. त्यामुळे व्हिसाचं काम त्याच्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही.

काय काय लागतं त्याची यादी ताईने एसटीडी बूथवर फॅक्स केली. मी आणायला गेले तोवर ती बूथवाल्याने आणि रांगेतल्या दोघांनी वाचलेली होती. निदान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, फोटो, भावोजींचं आमंत्रणपत्र, परतीचं तिकीट आणि पिवळ्या तापाची लस घेतल्याचा दाखला. "पिवळा ताप म्हणजे कावीळच ना?" बूथवाल्याने विचारलं. "कावीळ झाली तर आमच्याकडे झाडपाल्याचं औषध आहे म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून घरात सल्ले यायला लागले. युगांडाबद्दल गावाला ठाऊक होतं ते एवढंच, की तिथल्या एका हुकूमशहाने पूर्वी आपल्या लोकांना हाकलून दिलं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, मीठ घेऊन जा, तिकडे मिळत नाही. एका निवृत्त मास्तरांनी संध्याकाळनंतर खिडकी उघडू नका, सिंह येतात, असं बजावलं. मलेरियाबद्दल तर प्रत्येकाला काही ना काही सांगायचं होतं. गंमत म्हणजे हे सगळे आमच्या अंगणात बसून स्वतःच्या पिंढऱ्यांवरचे डास मारत होते, आणि त्याच आठवड्यात नगरपालिकेचा माणूस मलेरियासाठी आमच्या आळीतल्या लोकांच्या रक्ताचे नमुने घेऊन गेला होता. गटार मात्र तसंच तुंबलेलं होतं.

मामाचा सल्ला निराळा. आईला तोही ताईच म्हणायचा. "ताई, तिकडचे लोक काळे असतात. जरा जपून." हे सांगणारा मामा आयुष्यभर सुट्टीच्या दिवशी आंब्याच्या बागेत उन्हात फिरून कातळासारखा झालेला. आईने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "मग तुला बरंच वाटेल की तिथे."

लस मुंबईतच मिळायची, तीही ठरावीक वारी, आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू व्हायचा. मी आईला घेऊन रेल्वेने गेले. मामा आला नाही. "तुम्ही या जाऊन, माझं मी बघतो," म्हणाला. केंद्रावर डॉक्टरांनी आईला विचारलं, "अंडं चालतं का?"

आई ताठ बसली. "आमच्यात नाही चालत."

"तसं नाही हो आजी, खाल्लं तर अंगावर पित्त उठतं का? लशीत अंड्याचा अंश असतो."

आई माझ्याकडे न बघता डॉक्टरांना म्हणाली, "मुलीच्या बाळंतपणाला जायचंय. टोचा." बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाली, "घरी सांगू नकोस."

आम्ही परतलो, तेव्हा मामाच्या हातात तसंच पिवळं कार्ड होतं. सही, शिक्का, सगळं. एका एजंटाने घरपोच आणून दिलं होतं.

"अरे, पण टोचलंस कुठे?" आईने विचारलं.

"टोचायचं कशाला? तिथला साहेब कागद बघणार, माझा दंड नाही बघणार. कागदातलं तुला काय कळतंय गो?"

"सुई नाही तर सही कसली?"

मामा हसला. शिक्क्यामागे काय आहे, हे त्याला नोकरीत कधी कुणी विचारलंच नव्हतं. मीही गप्प बसले, हे कबूल करते. त्याला नडायला गेलं तर आईचं जाणं रखडेल, अशी भीती होती.

व्हिसा मिळाला, दोघं गेली. एंटेबेच्या विमानतळावर आरोग्य तपासणीला बसलेल्या बाईने आईचं कार्ड पाहिलं आणि हसून म्हणाली, "वेलकम, मामा." तिकडे वयस्कर बाईला आदराने तसंच म्हणतात. आईने लगबगीने मागे बोट दाखवलं, "मामा तो. मी ताई." भावोजींनी पुढे अर्थ सांगितला, तेव्हा आई कितीतरी वेळ हसत होती. मामाचं कार्डही तिथे चाललं, त्यामुळे तो अधिकच फुगला.

ताईला मुलगी झाली. आईने तिथल्या कामवाल्या बाईकडून केळीच्या झाडाचे नाना उपयोग शिकून घेतले आणि तिला मोदक शिकवले. मामा तीन महिने व्हरांड्यात बसून सिंहाची वाट पाहत होता, असं ताई म्हणते.

परत येताना मी मुंबईच्या विमानतळावर घ्यायला गेले. आई एकटीच ढकलगाडी ढकलत बाहेर आली.

"मामा कुठाय?"

"ठेवून घेतलाय."

"कुणी?"

"आपल्याच लोकांनी." तिकडून येणाऱ्या प्रत्येकाचा पिवळ्या तापाचा दाखला आपल्या देशात कसून तपासतात. तिथल्या कारकुनाने मामाचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही तारीख रविवारची आहे. रविवारी केंद्र उघडं होतं का?" मामाने शिक्का दाखवला. कारकून म्हणाला, "शिक्का दिसतोय मला. तारखेचं बोला." मामाने पुन्हा शिक्क्यावरच बोट ठेवलं. त्याला सहा दिवस वेगळं ठेवायला नेलं.

मी म्हटलं, आपण गोरेगावला नातेवाइकांकडे थांबू, त्याला घेऊनच जाऊ. आई म्हणाली, "मला काही झालेलं नाही. मी घरी जाते."

मामा सहा दिवसांनी एकटाच रत्नागिरीला उतरला. आळीत सांगितलं, मुंबईत जुन्या मित्राकडे राहिलो. आईने तोंड उघडलं नाही, पण तो तिच्याशी वर्षभर नीट बोलला नाही. जणू त्याला आत तिनेच टाकलं होतं.

दोन वर्षांनी ताईला पुन्हा दिवस गेले. या वेळी आई एकटी निघाली. अर्ज मी भरत होते. प्रवासाचा हेतू या रकान्यात मी 'पर्यटन' लिहायला घेतलं. आईने माझा हात धरला.

"खोटं कशाला? बाळंतपण लिही."

मी लिहिलं. व्हिसा आठ दिवसांत आला.