मागितलेली क्षमा

अण्णासोंचा विषय निघाला की मी आजही तापतो. बायको म्हणते, त्यांचं त्यांना काही नाही, तुम्ही कशाला रक्त आटवताय? पण मंगळवार पेठेत शेती अवजारांचं दुकान चालवताना मी तऱ्हेतऱ्हेची माणसं बघितली, आणि असलं माणूस एकच बघितलं.

कळंब्याच्या रस्त्याला त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, पत्र्याची शेड, दोन लेथ, एक वेल्डिंग मशीन आणि मोजके कामगार. तिथं ते गुरांचा चारा बारीक करणारी, हातानं फिरवायची कडबाकुट्टी बनवायचे आणि ती मी विकायचो. हातानं चालणाऱ्या अवजाराला जीएसटी माफ, हे सगळ्यांना माहीत. अण्णांनी गिऱ्हाइकाकडून कर घेतला नाही, सरकारला भरला नाही, आणि हिशेब असा चोख ठेवला की त्यांचा मुलगा सम्मेद वैतागायचा.

एकदा कोडोलीच्या तानाबाई दुकानात आल्या होत्या. दारात म्हशी, आणि घरात कुट्टी फिरवायला दुसरं कोणी नाही. अण्णा तिथंच बसले होते. त्यांना म्हणाल्या, "खांदं गेलं बघा फिरवून. चार पैसं साठलं की मोटार बसवीन, पर तवा मला नवं यंत्र घ्यायला लावू नगा." अण्णा नुसते हसले. पुढच्या खेपेपासून चाकाच्या कडेला मोटारीचा पट्टा बसेल एवढी खाच आली. किंमत तीच ठेवली.

त्या खाचेनंच घात केला. काही वर्षांनी वरून एक खुलासा निघाला. मोटार जोडायची सोय असलेलं यंत्र हातयंत्रात धरायचं नाही, त्याला करमाफी नाही. ठीक आहे बाबा, उद्यापासून नाही म्हणा. पण तसं नव्हतं. म्हणे हा नवा नियम नव्हे, जुन्याच नियमाचा अर्थ सांगितलाय, म्हणजे माफी तुम्हाला पहिल्या दिवसापासून नव्हतीच. आता ज्या बायकांनी कुट्ट्या नेल्या त्यांच्या दारात जाऊन मागचा कर मागायचा का? हे कसलं शहाणपण, मला अजून कळलेलं नाही.

वकील म्हणाले, कर भरावा लागेल, पण हप्ते पाडून मिळतील. धोका वेगळाच होता. नियम समजण्यात अण्णांची चूक झाली असं ठरलं, तर कारखाना तरेल. जाणूनबुजून कर दडवला असं ठरलं, तर दंड एवढा बसेल की शेडसकट सगळं विकावं लागेल. म्हणजे सगळी भिस्त सुनावणीवर.

सुनावणी नेमकी क्षमावाणीच्या दिवशी आली. जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की हा दिवस येतो. भेटेल त्याच्यापुढं हात जोडून म्हणायचं, जाणता-अजाणता माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा. अण्णा दरवर्षी दुकानात येऊन माझ्यापुढं आणि माझ्या हमालांपुढंही हात जोडायचे. मी म्हणायचो, "तुमच्याकडनं काय डोंबल चुकणार हाय? बसा, चहा घ्या."

त्या दिवशी मी कचेरीत बाहेर बाकावर बसलो होतो. आतलं मला सम्मेदनं सांगितलं. वकील चांगले बोलले. अधिकारी संयोगिता मॅडम, वयानं तरुण, पण सगळं नीट ऐकून घेतलं. काम आटपलं, वकील फायली उचलून बाहेर पडले. मागं अण्णांनी सकाळपासून सगळ्यांपुढं जोडले तसे मॅडमपुढं हात जोडले.

"मॅडम, जाणता-अजाणता माझ्याकडनं काय चुकलं असंल तर क्षमा करा."

"म्हणजे चूक झाली, हे तुम्हाला मान्य आहे?"

"चूक कुणाकडनं होत न्हाय?"

शेजारी एक जण टाइप करत बसला होता. त्यानं तेवढं जबाबात उतरवलं. अण्णांनी चष्मा न लावताच सही केली. सम्मेद त्यांना थांबवेपर्यंत पेन खाली ठेवलंही होतं.

निकाल आला. चूक माहीत होती म्हणूनच क्षमा मागितली, सबब कर दडवला.

वकिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, अपिलात आता एकच वाट आहे. अण्णांनी लिहून द्यायचं की ती नुसती सणाची रीत होती, सगळेच तसं म्हणतात, त्या शब्दांना काही अर्थ नव्हता. सम्मेदनं बापाचे पाय धरले. मी तर ओरडलोच, "एका ओळीनं शेड वाचत्या अण्णा. लिवा की."

अण्णांनी सम्मेदला उठवून शेजारी बसवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "हंबीरराव, अर्थ नव्हता म्हणून लिहिलं, तर इतकी वर्षं तुमच्यापुढं हात जोडलं ते काय हुतं? मागितलेली क्षमा परत कशी घ्यायची?"

मी चपला घातल्या आणि निघून आलो. दंडापायी लेथ उचलून नेले त्या दिवशीही गेलो नाही. मला ते बघवलं नसतं. रडलो असतो, खरं सांगतो.

यंदा क्षमावाणीला अण्णा दुकानात आले. हमालांपुढं, माझ्यापुढं हात जोडले आणि म्हणाले, "गाडी काढा. त्या मॅडमकडं जायचं हाय."

मला वाटलं, आता म्हातारा भांडणार. उशिरा का होईना, बरं वाटलं. कचेरीचा जिना चढताना त्यांना धाप लागत होती. मॅडमनी ओळखलं आणि त्या खुर्चीतून उठल्या. अण्णांनी हात जोडले आणि गेल्या वर्षीचेच शब्द पुन्हा म्हटले. टाइप करणाऱ्याची बोटं थांबली.

"पण अण्णा, आता तर तुमचं काहीच चालू नाही आमच्याकडं," मॅडम म्हणाल्या.

"काम चालू असतानाच मागायची असती का, बाई?"

 मॅडमनीही हात जोडले आणि मान खाली घातली. त्या दिवशी कोणी काही लिहून घेतलं नाही.

खाली गाडीपाशी आल्यावर अण्णांनी माझा दंड धरला. एवढ्या सगळ्यात त्यांनी उत्तर हवं म्हणून मला विचारलेली गोष्ट ती एकच.

"हंबीरराव, ह्या खेपेला त्यास्नी खरं वाटलं न्हवं?"

"वाटलं की," मी म्हणालो, आणि किल्ली हातात असताना खिसे चाचपत राहिलो.