काळ्या झबल्याचा तुकडा

नवरात्राआधी घरातले सगळे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आमच्याकडे रीत आहे. घट बसण्यापूर्वी घरात मळके वस्त्र राहू नये, हा त्यामागचा भाव. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी, एका भाद्रपदाच्या अखेरीस, पत्नीने माझ्या आईच्या हातची जुनी गोधडी विहिरीवर नेली आणि हौदात बुडवली. ती वर काढताना कापड हातातच सुटत गेले. दोन पिढ्या अंगावर घेतलेली वस्तू. पाण्याचे ओझे तिला सोसले नाही. पत्नी घरी आली तेव्हा बादली रिकामी होती आणि ओच्यात ओले तुकडे होते. त्यांतला एक तिने वेगळा, तळहातावर धरून आणला होता.

तो काळा तुकडा आमच्या पहिल्या मुलीच्या झबल्याचा होता.

मुलगी श्रावणात जन्मली. पहिल्या संक्रांतीला तिचे बोरन्हाण झाले. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून ओतलेली बोरे आणि चुरमुरे, आणि ते वेचायला धावलेली गल्लीतली पोरे. फाल्गुनात ती तापाने गेली. दात यायचे होते. गावात छायाचित्र काढणारा कोणी नव्हता आणि तान्ह्या मुलाचे छायाचित्र काढावे असे कोणाच्या मनातही येत नसे. वर्षभराने आईने नवी गोधडी शिवली, तेव्हा ते झबले उसवून तिने एका कडेला जोडले. सुनेला विचारले नाही, सांगितलेही नाही. पत्नीने ते ओळखले आणि तीही काही बोलली नाही. पुढे आम्हाला दोन मुलगे झाले, ते याच गोधडीत वाढले. ती कशीही अंथरली तरी काळा तुकडा आपल्या उशाकडे येईल अशी पत्नी ती फिरवून घेत असे.

मी कुंभार पिंपळगावच्या शाळेत संस्कृत शिकवीत असे आणि घरी पंचांग, श्राद्धपक्ष पाहत असे. पितृपक्षात लोक तिथी विचारायला येत. कोणास पिंड, कोणास नुसते तर्पण, कोणाचे नवमीला, कोणाचे चतुर्दशीला, हे मी सांगत असे. ज्या बालकाला दात आले नाहीत त्याला अग्नी नाही, उदक नाही, श्राद्ध नाही. त्याला मातीत ठेवावे आणि माघारी वळावे, एवढेच शास्त्र सांगते. हा नियम मी इतरांना अनेकदा समजावून दिला आहे. त्याच्यामागे करुणा आहे असे मी मानत आलो. शोकाला वर्षानुवर्षे तिथीचे खत मिळू नये, हा त्याचा हेतू असावा. परंतु ज्या स्वयंपाकघरात पत्नी दरवर्षी माझ्या आईवडिलांसाठी खीर आणि वडे करीत असे, तिथे त्या मुलीच्या नावाने एक पानसुद्धा मांडता येत नव्हते. पत्नीजवळ काय होते? तो तुकडा होता.

त्याची घडी करून पेटीत ठेवू म्हटले, तर घडीवर तो चिरला असता. म्हणून त्याला आणि आणखी तीन तुकड्यांना जाड पुठ्ठ्यावर मांडून, काच लावून, भिंतीवर ठेवावे असे ठरले. तीर्थपुरीच्या बाजारात देवादिकांच्या तसबिरी मढवणारा एक कारागीर बसे. आम्ही दोघे त्याच्याकडे गेलो. त्याने तुकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आदराने विचारले,

"गुरुजी, कोण्या महाराजाची कफनी हाय का?"

"नाही. घरचेच आहे."

"बरं बरं. मंग हारासाठी वर खिळा ठोकून ठिवू ना?"

"हार न्हाई घालायचा," पत्नी एकदम म्हणाली. "बिलकुल न्हाई."

त्याची काही चूक नव्हती. आमच्याकडे चौकटीत जातो तो एकतर देव असतो, नाहीतर गेलेला माणूस. तिसरे काही काचेआड ठेवण्याची पद्धत नाही.

दिवाळीला माझी धाकटी बहीण माहेरपणाला आली. ती धावड्याला दिलेली, जिभेची तिखट. उंबऱ्यातच थांबली.

"अगं वहिनी, हे काय लावून राह्यलीस भिंतीला? लोकं म्हणतील, गुरुजीच्या घरी पोथ्या उदंड अन् पांघरायला चिंध्या!"

"म्हणू द्या. तुम्हाला पांघरायला नवी काढून ठेवलीय, वन्सं."

बहीण हसत जवळ गेली आणि काळ्या तुकड्यापाशी तिचे हसणे थांबले. तिने तो ओळखला. ती हलक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, काळं आधी जातं गं. रंगच खातो त्याला. आईची चंद्रकळा बघ, पेटीतल्या पेटीत विरून गेली. लाल राहील, हिरवं राहील. ह्याला जीव लावून घेऊ नको."

"आता काचेत हाय ना," पत्नी म्हणाली.

बहिणीचे म्हणणे खरे होत गेले. चौकट उन्हापासून दूर नेली, ओल नसलेल्या भिंतीवर लावली, पावसाळ्यात कापडात गुंडाळून ठेवली. शेजारचे तांबडे आणि हिरवे तुकडे जसेच्या तसे राहिले. काळ्याला आधी तपकिरी झाक आली, मग बारीक भेगा पडल्या, आणि काचेच्या तळाशी काजळीसारखी भुकटी साचू लागली. पत्नी रोज सकाळी केर काढून झाला की तिथे उभी राहत असे. तिला हात लावायचा असे हे मला दिसत होते. लावला असता तर तुकडा त्याच दिवशी संपला असता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी त्याच्या जागी फक्त आईचा धावदोरा उरला. पांढरे टाके, ओळीने, पुठ्ठ्यावर. ज्याला धरून होते ते कापड नाही.

त्याआधीच माझी बहीण वारली होती. मुलगे नोकरीसाठी जालन्याला राहत होते, त्यांना आपली ही थोरली बहीण नुसती ऐकून माहीत होती.

एका दुपारी पत्नी सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिने विचारले, "अहो, काचेत खाली पडलंय त्याचं काय करायचं? तुमच्या पोथीत काही सांगितलं असंल."

मी शोधले होते. भंगलेल्या मूर्तीचे विसर्जन आहे, तुटलेल्या जानव्याचे आहे, निर्माल्याचे आहे. "नाही," मी म्हणालो.

"मंग राहू द्या." सुपातला एक खडा बाजूला टाकून ती म्हणाली, "त्याच्याकडं पाह्यलं की तिचं तोंड यायचं माझ्यापुढं. आता येतच न्हाई. लई आठवून पाह्यलं. तुम्हाला तर समदं पाठ असतं. तुम्हाला आठवतंय का?"

मी होय म्हणालो.

"मंग सांगा बरं, कसं होतं."

तिने सूप बाजूला ठेवले आणि माझ्याकडे पाहत राहिली. लहानपणी एकदा ऐकलेला श्लोक मी अजून विसरलेलो नाही. मी डोळे मिटले. काही आले नाही. ती किती वेळ वाट पाहत होती ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा तिने सूप पुन्हा मांडीवर घेतले होते.