वळणापलीकडे दिसलेली खूण

चि. अनुज आणि चि. मीरा,

अनुज, तू पाठवलेले फोटो काल कॉम्प्युटरवर मोठे करून पाहिले. जुनी गाडी, चार इंच उंच केलेली, पुढे अडकलेली गाडी ओढायचं विंच, टायर तुझ्या कमरेपर्यंत. काम नीटनेटकं आहे. मागच्या शॅकलचा, म्हणजे स्प्रिंग टांगणाऱ्या पट्टीचा, कोन मला जरा जास्त वाटतो, तो एकदा तपासून घे. आजीला शॅकल कसा कळतो, असं मीराने विचारलं म्हणे. त्याचं उत्तर या पत्रात येईलच.

पण पत्राचं कारण वेगळं आहे. तुमच्या बाबाने परवा फोनवर सांगितलं की त्याने अनुजला चांगलं सुनावलं – "तुझे आजोबा याच नादापायी दरीत जाणार होते. एका कानाने ठार बहिरे, तरी हट्ट. आजीचं भूत आडवं आलं म्हणून वाचले." सुनीलने हे अनेकांना सांगितलेलं आहे. त्यातलं भुताचं मी हसण्यावारी नेत आले. माझं भूत व्हायला आधी मला मरावं लागेल, आणि तेवढी सवड मला अजून मिळालेली नाही. पण बहिरेपणाचा दोष आता दुसऱ्या पिढीकडे चालला आहे, आणि तो खोटा आहे. म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते.

मी असल्या गोष्टींवर कधी विश्वास ठेवला नाही. सुरतेत इंग्रजी शाळेत बावीस वर्षं फिजिक्स शिकवलं. हजीरा रोडवरच्या आमच्या कॉलनीत मागच्या रिकाम्या क्वार्टरमध्ये बाई रडते, असं सगळे म्हणायचे. मी टॉर्च घेऊन गेले. पाइपात हवा अडकली होती. प्लंबर बोलावला, रडणं थांबलं. माझा स्वभाव हा असा, आणि तो बदललेला नाही.

तुमचे आजोबा हजीऱ्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर विभागात होते. त्या आवाजाने त्यांचा डावा कान हळूहळू गेला. डॉक्टरांनी रिपोर्टात लिहिलं आणि कारखान्याने त्यांना मशीनवरून काढून टेबलाच्या कामावर बसवलं. यंत्रांत आयुष्य घातलेला माणूस... तो गप्पच झाला. आमची फियाट चालवणंही त्यांनी सोडलं. सिग्नलला मागून कुणीतरी हॉर्न वाजवत राहिला होता, यांना कळलं नव्हतं, आणि त्याने पुढे येऊन शिव्या दिल्या होत्या. तेवढं पुरलं. बाजारात जाताना गाडी मी चालवायची आणि हे शेजारी पिशव्या मांडीवर घेऊन बसायचे.

सुरतेतल्या प्लेगला एक वर्ष होऊन गेलं असेल, तेव्हा त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जीप आणली. चालत नव्हतीच, टेम्पोतून आणली. भेस्तानला नामदेवभाऊंच्या शेडमध्ये ती उतरवली. नामदेवभाऊ आमच्या खानदेशातले, शिंदखेड्याकडचे. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते, मग लूम दुरुस्त करू लागले, मग जे बिघडेल ते. दीड वर्ष दर रविवारी आम्ही तिघं त्या शेडमध्ये. डिझेल इंजिन बसवलं, स्प्रिंगचे पाटे वाढवले, शॅकल लांब केले. ते कतारगामच्या एका लेथवाल्याकडून मीच मापं देऊन करून घेतले. तो काम चांगलं करायचा, पण तोंड बंद ठेवायचा नाही. मला म्हणाला होता, "बेन, साहेबने कहो, आ उंमरे लोको हरद्वार जाय, डुंगरमां नहीं." मी म्हटलं, हरद्वारला रस्ता चांगला आहे, तिथे जीप कशाला लागते. त्यानंतर मात्र त्याने मापात एका सुताचीही चूक केली नाही.

सुनील तेव्हा नोकरीला नुकताच लागला होता. त्याला हे अजिबात पसंत नव्हतं. शेवटी बापलेकांत ठरलं की डोंगरात एक फेरी करायची, ती नीट झाली तर जीप राहील. काही गडबड झाली तर जीप विकायची आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. यांनी कबूल केलं. मला ते कबूल करणंच आवडलं नव्हतं. दीड वर्षात हा माणूस पुन्हा बोलायला, थट्टा करायला लागला होता. जीप गेली असती तर ते पुन्हा पिशव्या मांडीवर घेऊन बसले असते.

आता खुणांबद्दल, कारण सगळं त्यावर आहे. खडकाळ रस्त्यावर ड्रायव्हरला चाकाखालचं दिसत नाही. म्हणून एकाने पुढे चालायचं आणि हाताने खुणा करायच्या. ड्रायव्हरने फक्त ते हात बघायचे. ते काम माझं. खुणा शिकवल्या नामदेवभाऊंनी. लूमच्या खटखटाटात ओरडून कुणाला ऐकू जात नाही, कारागीर हातानेच बोलतात. भाऊ म्हणायचे, "दादांचा कान गेला ते बरंच झालं वहिनी, आता ते आमच्या कारखान्यातले झाले." 'थांब'ची खूण म्हणजे छातीसमोर मनगटावर मनगट. उजवं वर. मी डावखुरी, त्यामुळे माझं डावं वर जायचं. "वहिनींचा थांब उलटा," असं भाऊ चिडवायचे, पण यांना माझाच उलटा थांब सवयीचा झाला.

आणखी दोन नियम मी घालून दिले होते. एक, माझा हात दिसल्याशिवाय गाडी हलवायची नाही. दोन, यांच्याशी बोलायचं ते उजव्या बाजूने.

डिसेंबरातला रविवार होता. व्याऱ्याच्या पुढे, डांगात, जंगलखात्याचा लाकूड वाहायचा एक जुना रस्ता होता. वापर बंद झालेला, टेकडीच्या कडेकडेने वर जाणारा. जायची परवानगी आम्ही रीतसर काढली होती. पहाटे निघालो, नऊला चढ सुरू केला. काच पुढे बॉनेटवर पाडलेली – या जीपना ती सोय असते – म्हणजे समोर मोकळी हवा. मी नऊवारी नव्हे, साधीच साडी, वरून यांचा कारखान्यातला जुना निळा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. मीरा, हास खुशाल. माकडंसुद्धा थांबून बघत होती.

एका ठिकाणी गुडघाभर उंच खडकाची पायरी आली. सागाचा ठोकळा चाकाखाली लावला, मी खुणा केल्या, आणि जीप अशी चढली की नामदेवभाऊंनी बॉनेटला हात लावून नमस्कार केला. यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतर इतक्या अभिमानाने त्यांनी माझ्याकडे बघितल्याचं मला आठवत नाही. पुढे शंभरेक पावलं सोपी चढण होती आणि मग डोंगराला वळसा घालणारं वळण. तिथवर जीप आणून यांनी इंजिन चालू ठेवून थांबवली. भाऊ पाट्यांचे नट तपासायला गाडीखाली शिरले.

तेव्हा मला आठवलं की ठोकळा खालीच राहिला. वस्तू जागच्या जागी नसली की मला चैन पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. उजवीकडे दरी, गाडी अगदी कडेला, उभं राहायला जागा नाही. मी डावीकडून वाकून म्हटलं, "अहो, ठोकळा राहिलाय, घेऊन येते. थांबा." त्यांनी मान हलवली. ती मान इंजिनच्या आवाजाकडे लक्ष देताना हलत होती, मला उत्तर म्हणून नाही. मी डाव्या कानाशी बोलले. माझाच नियम, मीच मोडला, आणि मला कळलंही नाही.

खाली गेले. ठोकळा उचलला, काखेत धरला. आणि वरून इंजिनचा आवाज बदललेला ऐकला. लो गिअर. गाडी निघाली होती.

वळणापलीकडचा रस्ता मी पाहिलेला नव्हता. कुणीच पाहिलेला नव्हता. मी ओरडले नाही, कारण उपयोग नव्हता. झाडीतून जीप दिसतही नव्हती. पळत वर पोचायला मिनिट-दोन मिनिटं लागणार. त्या क्षणी मी काय केलं ते नीट लिहिते. मी तिथेच उभी राहिले, काखेत ठोकळा तसाच, आणि मनगटावर मनगट ठेवलं. समोर सागाची खोडं. बघायला कोणी नाही. नुसती सवय... हातांना दुसरं काही सुचलं नाही. घड्याळ मनगटावर डोळ्यांसमोरच होतं. सव्वाअकराला दोन मिनिटं कमी.

मग पळाले. वर जाताना आवाज पुन्हा बदलला – गाडी थांबली होती. वळण ओलांडलं तर जीप रस्त्याच्या मधोमध उभी आणि दोघं समोर बघत बसलेले. मी मागून येऊन बॉनेटवर थाप मारली आणि रागावून विचारलं, माझा हात नसताना गाडी हलवली कशी?

यांनी माझ्याकडे पाहिलं, मग समोर, मग पुन्हा माझ्याकडे. "तू आत्ता समोर होतीस," ते म्हणाले. "थांब म्हणालीस."

नामदेवभाऊ गाडीतून उतरले आणि पुढे चालत गेले. वीस पावलांवर ते बसलेच. रस्त्याची दरीकडची बाजू – ड्रायव्हरची बाजू – खालून वाहून गेली होती. वर मातीचा पापुद्रा आणि त्यावर वाढलेलं सुकं गवत. गाडीतून कुणालाही तो रस्ताच वाटला असता. भाऊंनी एक दगड टाकला. तो पापुद्र्यातून सरळ गेला, आणि खाली लागल्याचा आवाज यायला बराच वेळ लागला.

यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून घेतले. गाडी मागे घ्यायला वळण, कड, उतार, आणि वळवायला जागा नाही. ते भाऊंना म्हणाले, तू घे, माझा भरवसा नाही. भाऊ उठले. मी म्हटलं, "भाऊ, बसा. गाडी हे घेतील." मग यांच्या उजव्या बाजूने, दरीच्या कडेला जेमतेम पाय ठेवून, कानाशी जाऊन म्हटलं, "मी मागे उभी राहते. माझे हात बघा, बाकी काही बघू नका."

वळणाभोवतून खडकाच्या पायरीपर्यंत जीप त्यांनी उलटी नेली. मान मागे वळवून, एकदाही न चुकता. पायरीशी मी ठोकळा लावला, चाक त्यावर अलगद उतरलं.

खाली सपाटीला आल्यावर मी जे केलं ते शिक्षिकेनेच करावं. दोघांना आपसात बोलू दिलं नाही. एकाला झाडाखाली बसवलं, एकाला जीपमध्ये, आणि कागद-पेन दिलं. काय पाहिलं, किती अंतरावर, कपडे कोणते, हात कसे, हातात काय – लिहा. नामदेवभाऊ म्हणाले, "वहिनी, सातवीनंतर परीक्षा दिली नाही मी." तरी लिहिलं.

यांचा कागद इंग्रजीत, रिपोर्टासारखा. साधारण पंधरा पावलं, निळा शर्ट, मनगटं एकमेकांवर, डावं वर. डाव्या काखेत लाकडी ठोकळा. भाऊंचं अक्षर मोठं, वाकडं – 'वहिनी रस्तामा उभ्या व्हत्या. काखमा ठोकळा व्हता. थांब उलटाच.'

ठोकळा खाली राहिल्याचं दोघांनाही माहीत नव्हतं. मी तो आणायला गेले हे एकाने ऐकलं नव्हतं आणि दुसरा गाडीखाली होता. भाऊ खालून निघून गाडीत बसले तेव्हा दोघांना वाटलं की मी नेहमीसारखी पुढे, वळणापलीकडे चालत गेले आहे, म्हणून गाडी निघाली. आणि मी सागाच्या खोडांना केलेली खूण मी तोवर कुणाला सांगितलेली नव्हती.

मी बराच वेळ विचार केला आहे, आजही करते. काचेतलं प्रतिबिंब म्हणावं तर काच पाडलेली होती. दुसरी बाई म्हणावं तर लूमवरचा थांब, तोही उलटा, डांगातल्या बाईला कुठून येणार? प्रकाश डोंगराला वळसा घालून जात नाही, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहिलं. दोघांना एकच भास, एकाच क्षणी, न पाहिलेल्या ठोकळ्यासकट? मला उत्तर सापडलेलं नाही. सापडलेलं नाही म्हणून मी ते भुताच्या नावावर घालणार नाही.

पण चूक कुणाची, याचं उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं. परतताना व्याऱ्याला चहा घेताना हे म्हणाले, सुनीलला सांगतो, जीप विकून टाकू, मी हात न बघता निघालो. मी म्हटलं, मी तुमच्या डाव्या कानाशी बोलले. त्यांनी कप खाली ठेवला. मग हसले. "म्हणजे तूच पाठवलंस आणि तूच थांबवलंस. मग मी मध्ये कोण?"

"उलटी गाडी आणणारे," मी म्हटलं.

सुनीलला पुढे हे भाऊंच्या तोंडून कळलं, आणि तो चिडला. तेव्हा यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि त्याला सांगितलं, माझंच चुकलं, पण जीप विकत नाही. नंतर मला म्हणाले, बापाचं चुकलेलं मुलाला पचतं, आईचं पचत नाही. मी ऐकलं. ऐकायला नको होतं. त्यानंतर नऊ वर्षं त्यांनी डांगात, सातपुड्यात जीप चालवली, आणि एकदाही माझा हात दिसल्याशिवाय चाक हललं नाही. तरी घरात 'बहिऱ्या माणसाचा हट्ट' हेच नाव राहिलं. सुनील, हे पत्र तूही वाचशील. तुझ्या वडिलांचं चुकलं ते एवढंच की माझा हात न बघता ते वळणापलीकडे गेले. बाकीचं माझं.

अनुज, गाडी खुशाल बांध. पुढे चालणारं माणूस मात्र नीट निवड.

जीप भंगारात गेली. त्या रस्त्यावर आता झाडी माजली आहे, असं नामदेवभाऊंचा मुलगा सांगतो. तुमचे आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, भाऊ त्यांच्याही आधी गेले. ते दोन कागद माझ्या फाइलमध्ये आहेत. झेरॉक्स सोबत पाठवते आहे. शाई फिकी झाली आहे, पण दोन्ही अक्षरं वाचता येतात.

– आजी